वाचकांचे प्रश्न : दुसरा राउटर वायरने जोडताना

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच अडचणीभोवती फिरणारे आहेत. इंटरनेट घरात येते, पण घरभर पोहोचत नाही. आणि उपाय म्हणून दुसरा राउटर वायरने जोडायचे ठरवले, तर तो कसा जोडावा याविषयी मिळणारे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयापुरते ठेवले आहे.

प्रश्न : आमचे घर दुमजली आहे. इंटरनेटची जोडणी तळमजल्यावर पुढच्या खोलीत आहे आणि तेथे वेग उत्तम मिळतो; परंतु वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीत रेंज जेमतेम येते आणि व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो. एक जुना राउटर कपाटात पडून आहे. खालपासून वरपर्यंत वायर टाकून तो वापरता येईल का? वायर वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत) लावावी असे एका परिचिताने सांगितले, तर दुसऱ्याने लॅन पोर्टमध्येच (घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावा असे बजावले. यांपैकी खरे काय?

उत्तर : जुना राउटर या कामासाठी अवश्य वापरता येतो, आणि वायर टाकणे शक्य असेल तर याहून खात्रीचा उपाय दुसरा नाही. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र दुसरा राउटर कोणत्या पद्धतीने चालवायचा हे आधी ठरवल्याशिवाय त्यांपैकी कोणताही उपयोगाचा नाही.

ज्याला आपण राउटर म्हणतो त्या एका डब्यात चार यंत्रणा एकत्र असतात. पहिली यंत्रणा घरातील जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामधील देवाणघेवाण सांभाळते. दुसरी, म्हणजे डीएचसीपी, घरातल्या प्रत्येक फोनला आणि संगणकाला एकेक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील ओळखीचा क्रमांक, वाटते. तिसरी म्हणजे मागच्या लॅन पोर्टांना आपसांत जोडणारा साधा स्विच, आणि चौथी वायफायचा रेडिओ. वरच्या मजल्यासाठी आपल्याला यांतील शेवटच्या दोनच हव्या आहेत. पहिली दोन कामे खालचा राउटर करतोच आहे आणि ती घरात एकानेच करायची असतात. दुसऱ्या राउटरबाबत होणारे बहुतेक घोटाळे एवढे न पाळल्यामुळेच होतात, त्यामुळे पुढची सगळी खटपट ही त्या जुन्या डब्याची पहिली दोन कामे काढून घेण्याची आहे, असे समजावे.

अनेक राउटरांत यासाठी तयार सोय असते. सेटिंगच्या पानावर ‘ऑपरेशन मोड’ किंवा तत्सम नावाखाली ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ हा पर्याय दिसला, तर तो निवडावा. राउटर एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पत्ते वाटण्याचे काम आपोआप सोडून देतो. या स्थितीत बहुतेक राउटरांचा वॅन पोर्टही लॅन पोर्टसारखाच वागू लागतो, म्हणून आपल्या पहिल्या परिचिताचा सल्ला येथे चालतो. मात्र त्यानंतर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलतो, कारण तो आता मुख्य राउटरकडून पत्ता घेतो. पुढे कधी त्याचे सेटिंग उघडायचे झाल्यास मुख्य राउटरवरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचा नवा पत्ता शोधावा लागेल.

हा पर्याय नसेल तर तेच काम हाताने करता येते, आणि तेव्हा दुसऱ्या परिचिताचे म्हणणे पाळावे लागते : वायरचे एक टोक मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, दुसरे टोक जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्ये, आणि जुन्या राउटरचा वॅन पोर्ट रिकामा.

वायर जोडण्यापूर्वी करायच्या कामांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो चुकला की राउटर चालू असूनही त्याच्या सेटिंगपर्यंत पोहोचता येत नाही. जुना राउटर आधी पूर्णपणे वेगळा ठेवावा, मागच्या रीसेटच्या बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे १० सेकंद दाबून तो मूळ स्थितीत आणावा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला वायरने जोडावा. या वेळी लॅपटॉपचे वायफाय बंद असावे. नाहीतर आपण जुन्याच्या समजुतीने मुख्य राउटरचेच सेटिंग बदलून बसण्याची शक्यता असते, विशेषतः दोघांचे मूळ पत्ते सारखे असताना. त्यानंतर ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टाकून आत जावे. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. आत गेल्यावर सर्वांत आधी सेटिंगचा पासवर्ड बदलावा आणि वायफायचे नाव व पासवर्ड भरून घ्यावेत.

मग येतो पत्त्याचा प्रश्न. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि तो १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ या टप्प्यातील पत्ते इतरांना वाटत असेल, तर जुन्या राउटरला त्या टप्प्याबाहेरचा, पण त्याच मालिकेतला (म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला), उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असाच राहू द्यावा. वाटपाचा टप्पा सर्वत्र सारखा नसतो, काही राउटर १९२.१६८.१.२ पासूनच पत्ते वाटायला सुरुवात करतात, म्हणून तो मुख्य राउटरवर प्रत्यक्ष पाहून घ्यावा आणि गरज पडल्यास तेथे थोडा आखडून घ्यावा. पत्ता जतन करताच जुने पान गोठल्यासारखे होईल; त्यात बिघाड काही नाही, राउटर आता नव्या पत्त्यावर राहायला गेला आहे. नवा पत्ता टाकून पुन्हा आत जावे आणि अखेरीस डीएचसीपी सर्व्हर बंद करावा. हे काम शेवटी करायचे ते अशासाठी, की त्यानंतर जुना राउटर लॅपटॉपलाही पत्ता देणार नाही. आयपीव्ही६ चे (आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचे) वेगळे पान असेल तर तेथील पत्तेवाटप आणि ‘राउटर अ‍ॅडव्हर्टाइझमेंट’ हेही बंद करावे. याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

एवढे झाल्यावर वायर जोडावी. दोन राउटरांमध्ये वायर एकच असावी. वेग दुप्पट होईल या आशेने दोन पोर्टांतून दोन वायरी जोडल्या तर तेच संदेश त्या वर्तुळात फिरत राहतात आणि काही क्षणांत घरातले सगळे जाळे ठप्प होते.

आता, मोड न बदलता वायर थेट वॅन पोर्टमध्ये लावली तर काय होईल? दोन्ही राउटरांच्या पत्त्यांची मालिका वेगळी असेल तर वरच्या मजल्यावर इंटरनेट चालेल, म्हणूनच ‘माझ्याकडे तर काही न करता चालले’ असे सांगणारे भेटतात. परंतु त्यामुळे घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. वरच्या जाळ्यातील फोनला खालचा टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप सापडत नाही आणि बाहेरून आत येणारी जोडणी लागणारे खेळ वा कॅमेरे यांच्या वाटेत एकाऐवजी दोन अडथळे उभे राहतात. दोन्हीकडची मालिका एकच असेल, तर वरच्या राउटरला आतले कोणते आणि बाहेरचे कोणते हेच ठरवता येत नाही आणि इंटरनेट सहसा चालतच नाही.

प्रश्न : मी आपण सांगता त्याच प्रकारे लॅन पोर्टमधून लॅन पोर्टमध्ये वायर जोडली आहे. पहिल्या दिवशी सर्व सुरळीत होते. नंतर मात्र काही फोनांवर वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट चालत नाही. त्याच वेळी शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर ते व्यवस्थित चालते. राउटर बंद करून सुरू केला की काही काळ ठीक होते. राउटर बिघडला असावा का?

उत्तर : राउटर बिघडल्याची शक्यता कमी आहे. वर्णनावरून घरात दोन डीएचसीपी सर्व्हर एकाच वेळी पत्ते वाटत असावेत, असे दिसते. फोन जाळ्यात येताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्यांना मारतो आणि सहसा ज्याचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता स्वीकारतो. उत्तर मुख्य राउटरचे असेल तर सर्व काही चालते. जुन्या राउटरचे असेल, तर तो पत्त्यासोबत ‘बाहेर जाण्याचा मार्ग माझ्यातून आहे’ असेही सांगतो, आणि त्याचा वॅन पोर्ट रिकामा असल्याने तो मार्ग कोठेच जात नाही. शिवाय पत्त्याची मुदत अर्धी उलटली की फोन ज्याच्याकडून पत्ता घेतला त्याच्याकडेच नूतनीकरण मागतो, त्यामुळे एकदा चुकीच्या राउटरकडे गेलेला फोन सहजासहजी परत येत नाही.

खात्री करणे सोपे आहे. इंटरनेट न चालणाऱ्या फोनवर वायफायच्या नावाचा तपशील उघडावा. बाहेर जाण्याचा मार्ग दाखवणारी ओळ अँड्रॉइड फोनवर तेथे ‘गेटवे’ अशी असते, आयफोनवर ‘राउटर’ अशी. त्यापुढे मुख्य राउटरचा पत्ता दिसायला हवा. जुन्याचा दिसत असेल तर दोषी सापडला. जुन्या राउटरवरील डीएचसीपी बंद करावा, सेटिंग खरोखर जतन झाले आहे का हे पान पुन्हा उघडून पाहावे, कारण काही राउटरांत बदल केल्यावर तळाचे बटण वेगळे दाबावे लागते, आणि मग त्या फोनवर वायफाय एकदा बंद करून सुरू करावे.

गेटवे बरोबर दिसूनही हाच त्रास होत असेल, तर दोन्ही राउटरांचा पत्ता एकच तर नाही ना, हे तपासावे. दोघेही १९२.१६८.१.१ म्हणवून घेत असतील तर फोनकडून निघालेली माहिती कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जाते, आणि तेव्हा दिसणारी लक्षणे जवळजवळ अशीच असतात.

प्रश्न : दोन्ही राउटरांच्या वायफायला एकच नाव द्यावे की वेगळे? एकच नाव दिले तर वर गेल्यावरही माझा फोन खालच्याच राउटरला चिकटून राहतो.

उत्तर : नाव एकच द्यावे, असे माझे मत आहे. त्याबरोबर पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार, म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, हेही दोन्हीकडे तंतोतंत सारखे असावेत. यांत फरक असला तर फोन त्यांना एकच जाळे मानून आपणहून स्थलांतर करीलच, असे सांगता येत नाही. जोडणी पूर्ण होऊन सर्व नीट चालत आहे याची खात्री होईपर्यंत मात्र दुसऱ्याला तात्पुरते वेगळे नाव देणे सोयीचे असते, कारण आपण नेमके कोणाशी जोडलेलो आहोत हे तेव्हा निश्चित कळते.

चिकटून राहण्याचे कारण असे, की एका राउटरवरून दुसऱ्यावर केव्हा जायचे हा निर्णय फोन घेतो, राउटर नव्हे. जवळ अधिक चांगला रेडिओ आहे एवढ्याने फोन हलत नाही. हातातली रेंज ठराविक पातळीखाली गेल्यावरच तो शोध सुरू करतो. अ‍ॅपलने जाहीर केलेल्या माहितीनुसार आयफोनसाठी ही पातळी उणे ७० डीबीएम, तर मॅक संगणकांसाठी उणे ७५ डीबीएम आहे. (डीबीएम हे रेंज मोजण्याचे एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली.) आपल्या जिन्याजवळ खालच्या राउटरची रेंज उणे ६५ असेल, तर आयफोनच्या दृष्टीने हलण्याचे काही कारण नसते, मग वरचा राउटर चार पावलांवर का असेना.

उपाय थोडा उलटा वाटेल, पण तो म्हणजे रेडिओची ताकद कमी करणे. ‘ट्रान्समिट पॉवर’ हे सेटिंग असल्यास मुख्य राउटरचे २.४ गिगाहर्ट्झचे (वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीचे) प्रक्षेपण मध्यम किंवा त्याहून कमी पातळीवर आणावे, म्हणजे वरच्या मजल्यावर त्याची रेंज लवकर उतरेल आणि फोन स्थलांतराचा विचार करील. ते सेटिंग नसल्यास दोन राउटरांमधील अंतर वाढवावे. दुसरा राउटर अनेकदा जिन्याच्या अगदी वर, म्हणजे जेथे पहिल्याची रेंज अजून बरी असते तेथेच ठेवला जातो. त्यापेक्षा तो मागच्या खोलीच्या बाजूला, उंचावर आणि उघड्यावर असावा. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा मोठ्या आरशाजवळ तो ठेवू नये. दोन्ही राउटरांत ८०२.११के आणि ८०२.११व्ही ही मानके असतील तर ती सुरू करावीत. त्यांमुळे राउटर फोनला शेजारच्या रेडिओची माहिती देऊ शकतात. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन घरगुती राउटरांमध्ये त्यांचा फायदा मर्यादितच मिळतो.

नाव एक ठेवले तरी चॅनेल वेगळे असायला हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये शेजारच्या दोन चॅनेलांत ५ मेगाहर्ट्झचेच अंतर असते आणि एक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते, म्हणून एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल वापरण्याजोगे उरतात. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११ द्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच असते. एकाला ३६ ते ४८ या गटातील, तर दुसऱ्याला १४९ ते १६१ या गटातील चॅनेल दिला, आणि आपला राउटर तो देऊ करीत असेल, तर प्रश्न मिटतो. मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारचा पहिला हक्क असल्याने राउटर सुरू झाल्यावर किमान १ मिनिट नुसता कानोसा घेतो आणि मगच प्रक्षेपण करतो. तेवढ्या वेळात ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसले नाही म्हणून राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नये.

प्रश्न : वायर टाकण्याची कटकट टाळून रिपीटर लावला तर चालणार नाही का?

उत्तर : कामापुरते चालेल. परंतु रिपीटर प्रत्येक संदेश हवेतूनच घेतो आणि हवेतूनच पुढे देतो, त्यामुळे एकच रेडिओ असलेल्या रिपीटरवर वेग निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटतो. दोन पट्ट्यांवर चालणारा रिपीटर ही झीज कमी करतो, पण त्याला मुळात चांगली रेंज मिळेल अशाच जागी तो ठेवावा लागतो, आणि ती जागा सहसा आपल्याला हवी असलेली नसते. बातम्या वाचणे आणि निरोप पाठवणे एवढाच वापर असेल तर रिपीटर पुरेसा आहे. वरच्या खोलीत बसून कोणी रोज कार्यालयीन काम करीत असेल तर वायरच टाकावी. मेश राउटरांनाही, म्हणजे एकत्र मिळून एकच जाळे चालवणाऱ्या राउटरांच्या संचालाही, हाच न्याय लागू आहे. तेही वायरने जोडले असता सर्वांत चांगले चालतात.

प्रश्न : सर्व काही आपल्या सदरात पूर्वी सांगितल्याप्रमाणे केले. जोडणी ३०० एमबीपीएसची असताना वरच्या राउटरवर मात्र कधीही ९५ च्या पुढे वेग जात नाही. वायफायमध्ये दोष आहे का?

उत्तर : तो ९५ चा आकडाच उत्तर सांगून जातो. वायरवरची जोडणी १०० एमबीपीएसवर स्थिरावली की प्रत्यक्षात सुमारे ९४ एमबीपीएस हाती लागतात, आणि वेग नेमका तेथे अडत असेल तर अडसर वायफायमध्ये नसून वायरीत किंवा पोर्टमध्ये आहे.

प्रथम जुन्या राउटरचे पोर्ट तपासावेत. कित्येक राउटरांचे वायफाय वेगवान असले तरी मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तसे असेल तर राउटर बदलण्यावाचून इलाज नाही. अर्थात ९४ एमबीपीएस वेग एका मजल्याच्या नेहमीच्या वापराला कमी नाही, तेव्हा लगेच खर्च करण्याची मी शिफारस करणार नाही. पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) असतील तर संशय वायरीकडे वळतो. १०० एमबीपीएससाठी वायरीतील ८ तारांपैकी ४ पुरतात, गिगाबिटसाठी मात्र आठही तारा शाबूत लागतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट चेपली गेली नसेल तर दोन्ही बाजू गुपचूप १०० वर उतरतात, आणि इंटरनेट चालू राहत असल्याने कोणाला शंका येत नाही. दोन्ही टोकांचे कनेक्टर उजेडात धरून पाहावेत : आठही तारा पारदर्शक टोकाला अगदी पुढपर्यंत पोहोचलेल्या असाव्यात आणि दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच असावा. एखादी तार इतरांपेक्षा आखूड दिसली तर टोक कापून नवा कनेक्टर बसवून घ्यावा.

वायर नव्याने घ्यायची झाल्यास कॅट ५ई किंवा कॅट ६, आणि तीही शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला सारखीच असते, पण ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. १०० मीटरची मर्यादा घरात सहसा गाठली जात नाही. वायर भिंतीत जाणार असेल तर ती विजेच्या तारांच्या पाइपमधून नेऊ नये, आणि भिंत बुजवण्यापूर्वी दोन्ही टोके बसवून, वरच्या टोकाला लॅपटॉप जोडून वेग मोजून घ्यावा. हीच चाचणी मुख्य राउटरच्या प्रत्येक लॅन पोर्टवरही करून पाहावी, कारण सेवादात्याने दिलेल्या काही डब्यांत सगळे लॅन पोर्ट इंटरनेटसाठी खुले नसतात.

प्रश्न : जुना राउटर वापरण्यात सुरक्षेच्या दृष्टीने काही धोका आहे का? पाहुण्यांसाठी असलेले वेगळे वायफाय त्यावरही सुरू करता येईल का?

उत्तर : अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरलेला राउटर थेट इंटरनेटला सामोरा नसतो, त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. उत्पादक कंपनीने शेवटचे दिलेले फर्मवेअर (राउटर चालवणारी आतली आज्ञावली) त्यात भरून घ्यावे, आणि गेटवे व डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा) भरण्याची सोय असेल तर तेथे मुख्य राउटरचा पत्ता द्यावा, म्हणजे पुढची अद्ययावत आवृत्ती राउटरला स्वतः शोधता येईल. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडण्याची सोय, बंद करावे. त्यातील आठ आकडी पिनची पद्धत कच्ची असल्याचे २०११ मध्येच उघड झाले आहे. राउटर इतका जुना असेल की त्यात डब्ल्यूपीए२ची एईएस ही सांकेतिकीकरणाची पद्धतही नाही, तर तो वापरूच नये.

पाहुण्यांच्या वायफायबाबत मात्र सावध राहावे. पाहुण्यांना घरातील इतर उपकरणांपासून वेगळे ठेवण्याचे काम राउटरच्या ज्या यंत्रणेकडे असते तीच आपण जुन्या डब्यात बंद केलेली आहे. त्यामुळे नाव वेगळे दिसले तरी अनेक राउटरांत पाहुणे प्रत्यक्षात घरच्याच जाळ्यात येतात. पाहुण्यांच्या वायफायवर एक फोन जोडून त्याच्या ब्राउझरमध्ये मुख्य राउटरचा पत्ता टाकून पाहावा. सेटिंगचे पान उघडले तर जुन्या राउटरवरील ते वायफाय बंद करावे आणि पाहुण्यांना खालच्या मजल्यावरचेच द्यावे.